उरेल ती उष्णता

काटोलचे एक संत्रा बागायतदार एकदा नागपूरच्या भौतिकशास्त्र विभागातल्या माझ्या खोलीत येऊन बसले. ओळख ना पाळख. पायाशी संत्र्यांची पिशवी, हातात वर्तमानपत्राची घडी. सूर्यावर मोठा उद्रेक झाल्याची बातमी होती आणि तिच्यात माझे दोन शब्द छापून आले होते. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, औंदा आंबिया बहाराच्या फळांची लय गळ होऊन राहिली. हे सूर्यावरचे स्फोट होते, त्याच्यानं व्हय का?"

मी म्हटलं, नाही. उद्रेकातून येणारे क्ष-किरण वरच्या हवेतच अडतात, तुमच्या झाडापर्यंत पोहोचत नाहीत. गळीचं कारण कृषी खात्यातल्या माणसाला विचारा.

"मंग तुमचा फायदा काय?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. निधी देणाऱ्या समित्यांनी आडून विचारला, नातेवाइकांनी लग्नकार्यात विचारला. इतका सरळ कोणी विचारला नव्हता. मला तो गृहस्थ आवडला. मी चहा मागवला आणि तासभर त्यांना माझं काम समजावून सांगितलं. जाताना पिशवी ठेवून गेले आणि दारातून म्हणाले, "समजलं नाई सारं, पण तुम्ही मनापासून करून राहिल्या, हे दिसते." कुठल्याही गौरवाच्या भाषणापेक्षा हे प्रशस्तिपत्र मला मोलाचं वाटतं.

त्यांना सांगितलं तेच इथे थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

सूर्याचा आपल्याला दिसतो तो पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला असतो. त्याच्याभोवती विरळ वायूचं प्रभामंडल असतं. खग्रास ग्रहणात काळ्या चकतीभोवती जे पांढरं तेज दिसतं ते. शेगडीपासून लांब गेलं की ऊब कमी व्हायला हवी. इथे उलटं आहे. प्रभामंडल दहा-वीस लाख अंशांवर असतं. (याचं शास्त्रीय नाव करोना. साथीच्या काळात त्या नावानं आमची फार पंचाईत केली. माझी एक विद्यार्थिनी बसमधून फोनवर मला म्हणाली, "मॅडम, आपला करोना अजून गरम व्हायला पाहिजे," आणि शेजारची बाई उठून मागच्या बाकावर जाऊन बसली.)

इतक्या तापलेल्या वायूत अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना सोडत नाहीत. खालून प्लाझ्मा घुसळला जातो तशा क्षेत्ररेषा ओढल्या जातात, पिळल्या जातात आणि त्या पिळात ऊर्जा साठत राहते. मग कुठेतरी उलट दिशांच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जातात. त्यांच्यामध्ये विजेच्या प्रवाहाचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यात रेषा तुटतात आणि जोड्या बदलून पुन्हा जुळतात. हीच चुंबकीय पुनर्जोडणी. त्या वेळी साठलेली ऊर्जा मोकळी होते. थोडी वायूला फेकण्यात जाते, थोडी सुट्या कणांना पळवण्यात, थोडी उष्णतेत.

माझी सगळी नोकरी त्या 'थोडी'वर गेली. थोडी म्हणजे किती, नेमकी कुठे आणि किती वेगानं? प्लाझ्मा विजेला जवळजवळ विरोधच करत नाही, त्यामुळे जुन्या गणितानं ही ऊर्जा उष्णतेत मुरायला महिनेच्या महिने लागायला हवेत. सूर्य ते काम काही मिनिटांत उरकतो. कसं, ते शोधायचं होतं.

सूर्यावर जाऊन मोजता येत नाही, म्हणून आम्ही संगणकात सूर्याचा एक तुकडा रचतो. त्या तुकड्याची बारीक जाळी करतो. जाळीच्या प्रत्येक घरात चार-पाच आकडे: घनता, वेग, तापमान, चुंबकीय क्षेत्र. यंत्र एकेका क्षणानं पुढे जातं आणि हे आकडे बदलत जातात. आता यातली मेख अशी, की एका घराहून लहान असलेली वस्तू यंत्राला दिसतच नाही. आणि आमचा सगळा खेळ तर पातळ पापुद्र्यात. पापुद्रा घराहून पातळ झाला की यंत्र त्याला पसरट करून टाकतं आणि त्या पसरण्यात चुंबकीय ऊर्जा नाहीशी होते. ती सूर्यानं खर्च केलेली नसते, जाळीनं गिळलेली असते. पडद्यावर मात्र दोन्ही चित्रं सारखीच सुंदर दिसतात.

हे मला तरुणपणीच कळलं होतं. संशोधनाच्या दुसऱ्याच वर्षी मी पडद्यावर असा काही उद्रेक घडवला, की विभागातल्या सगळ्यांना हात धरून दाखवायला आणलं. माझे सर एवढंच म्हणाले, "घर अर्धं करून परत चालव." चालवलं. माझा उद्रेक विझत आलेल्या उदबत्तीइतका उरला. पुढे स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तेव्हा पहिलं काम केलं ते पाटी रंगवायचं. तैलरंगात, मोठ्या अक्षरांत: 'घर अर्धं करून पाहिल्याशिवाय निकाल खोलीबाहेर जाणार नाही.' आणि रिवाज असा, की ज्याचा निकाल असेल त्यानं ते अर्ध्या घराचं काम करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. विद्यार्थी माझ्या माघारी याला 'सासूबाईंची फेरी' म्हणत. मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

नागपुरात हे काम करायचं म्हणजे उन्हाळ्याशी कायमचं वैर. बाहेर सेहेचाळीस अंश असताना आमच्या खोलीतली यंत्रं आधी हळू होत, मग बंद पडत. एका मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलं. कार्यालयातल्या कोणीतरी दयाळूपणे वाळ्याचा कूलर आणून खिडकीत ठेवला. माणसांसाठी तो स्वर्ग होता. तीन आठवड्यांनी यंत्र उघडलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि सगळ्या खोलीला वाळ्याचा मंद सुगंध. लाखो अंशांच्या प्लाझ्माचा अभ्यास करणाऱ्या बाईला कूलरच्या ओलीनं हरवलं, म्हणून सहकारी वर्षभर हसत होते.

म्हणजे मी सावध होते. स्वभावानं तिरसट आणि आकड्यांच्या बाबतीत संशयी, अशीच माझी ख्याती होती. पुढची गोष्ट त्यामुळेच जास्त लागते.

आम्ही तिन्ही मितींतला प्रश्न हातात घेतला तेव्हा एक फेरी तीन आठवडे चालत असे. तिन्ही बाजूंनी घर अर्धं केलं की घरं आठपट होतात, काळाची पावलंही अर्धी टाकावी लागतात, म्हणजे काम सोळापट. तीन आठवड्यांचे जवळजवळ अकरा महिने. आमच्या यंत्रांनी एवढा उन्हाळा-पावसाळा काढला नसता. शिवाय मला दुसरा भरवसा होता. एकूण ऊर्जेचा मेळ चौथ्या दशांशापर्यंत बसत होता. चुंबकीय, गतीची आणि उष्णतेची ऊर्जा एकत्र केली की सुरुवातीला जेवढी होती तेवढीच शेवटी. काही हरवलेलं नाही, मग जाळीनं गिळलं काय? असं म्हणून मी पाटीकडे पाठ केली आणि निबंध पाठवून दिला. तो छापला गेला, गाजला. परदेशातून पत्रं आली. पुनर्जोडणीत एवढी उष्णता निघते, हे आम्ही नागपुरातून दाखवलं, असं लोक म्हणू लागले. मीही म्हणू लागले.

विशाखा काही वर्षांनी आली. नागपूरजवळच्या खाप्याची. वडील लवकर गेले होते, आई अंगणवाडीत. एमएस्सीला पहिली आली, लग्न झालं, एक मुलगा झाला, आणि त्यानंतर चार वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवून ती माझ्याकडे पीएचडीला आली. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज आणि दर मार्चमध्ये सुट्टी. प्रश्न कमी विचारायची, वही नीट ठेवायची. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, ही टिकणार नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या प्रोग्रामातल्या तीन चुका तिनं काढल्या आणि मी ते मत सोडून दिलं. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण माझ्या त्या गाजलेल्या निबंधावर उभं होतं.

प्रबंध पूर्ण होत आला तेव्हा एका कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली. किती वर्षांनी निघाली होती ते विचारू नका. मुलाखतीपर्यंत हातात पदवी हवी होती. मीही त्याच उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होते. सगळं वेळेत बसत होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती खाप्याच्या बसनं आली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, लॅपटॉप छातीशी. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, पुण्याच्या मोठ्या मशीनवर आपल्याले वेळ भेटला होता ना, त्यातला उरला होता. त्याच्यात मी तुमचा जुना प्रश्न चालवला. घर अर्धं करून."

"काहून? तुले कोणी सांगितलं?"

"पाटीवर लिहून आहे ना," ती म्हणाली.

तिनं आलेख उघडला. उष्णता निम्म्याहून खाली आली होती. मग तिनं दुसरा आलेख उघडला. प्रत्येक घरात प्लाझ्माच्या खऱ्या विरोधानं किती ऊर्जा जळली, हे तिनं वेगळं मोजलं होतं. आम्ही ते कधी मोजलंच नव्हतं. जुन्या निबंधातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा त्यातून निघत होता. बाकीची जाळीची.

"पण मेळ तं बसत होता," मी म्हटलं.

"बसनारच ना मॅडम. आपल्या प्रोग्राममधी एकूण ऊर्जा आधी पक्की धरून आहे. त्यातून चुंबकीय वजा करतो, गतीची वजा करतो, आन् उरेल ती उष्णता. जाळीनं जे गिळलं, ते सारं आपण उष्णता म्हणून मोजून राहिलो होतो."

तो प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला होता. ती ओळसुद्धा मला पाठ होती. मेळ बसतो म्हणून मी इतकी वर्षं खूश होते आणि तो मेळ मीच बसवून घेत होते. त्या क्षणी मला लाज वाटली नाही, राग आला. तिचा आला. तीन दिवस मी तिच्या कामात चूक शोधत बसले. अमुक आकडा चुकला असेल, तमुक सीमा चुकीची धरली असेल. चूक सापडली नाही. सापडावी अशी माझी मनापासून इच्छा होती, हे इथे लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी तिला बोलावलं आणि म्हटलं, "सबमिट करून टाक. चौथं प्रकरण आहे तसं राहू दे. परिशिष्टात एक वाक्य टाक. मुलाखत होऊ दे, नोकरी लागू दे, मग आपण दोघी मिळून दुरुस्ती छापू."

"चालते का असं?"

"चालते. आता पुन्हा लिहायला घेतलं तं वर्ष जाते तुझं. जागा काय तुझ्यासाठी थांबून राहते का?"

ती थोडा वेळ नखानं टेबलाचा सनमाईक खरवडत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे मॅडम."

वाक्य मीच सांगितलं: 'जाळीच्या घराच्या आकाराचा निकालांवर काही प्रमाणात परिणाम होऊ शकतो.' शब्द न् शब्द खरा. म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचतं. मी स्वतःला सांगत होते की हे तिच्या नोकरीसाठी चाललं आहे. निम्मं तसं होतंही. उरलेलं निम्मं माझ्या निरोप समारंभासाठी होतं. त्या निबंधाचं नाव तिथे वाचून दाखवणार होते, आणि मला ते ऐकायचं होतं.

तोंडी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. दक्षिणेतून एक वयस्कर परीक्षक आले होते. मृदू बोलणारे, हातातला प्रबंध पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेला. सभागृहाच्या मागच्या रांगेत विशाखाची आई बसली होती. नवी साडी, मांडीवर पेढ्यांचा खोका. आमच्याकडे परीक्षा संपली की उमेदवाराच्या घरचे पेढे वाटतात.

विशाखा छान बोलली. परीक्षक माना डोलावत होते. मग त्यांनी शेवटची चिठ्ठी उलटली. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगते.

"परिशिष्टात तुम्ही लिहिलं आहे, काही प्रमाणात परिणाम. किती प्रमाणात?"

विशाखानं माझ्याकडे पाहिलं नाही. "निम्म्याहून जास्त, सर," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली.

"मग चौथं प्रकरण सूर्याबद्दल काय सांगतं?"

"सूर्याबद्दल काहीच नाही, सर. ते आमच्या प्रोग्रामबद्दल आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे तुमच्या मार्गदर्शकांना ठाऊक होतं का?"

इथे मी ताडकन उठले असं लिहायचा फार मोह होतो आहे. मी उठले नाही. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. तेवढ्यात विशाखा म्हणाली, "नाही सर. मला सबमिशननंतर कळलं. मॅडमना मी सांगितलं नव्हतं."

ती इतक्या सहज बोलली, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. परीक्षकांनी मान हलवली आणि ते काहीतरी लिहू लागले. मला वाटतं, तिथे तो विषय संपला असता. थोडा ठपका तिच्यावर, किरकोळ दुरुस्त्या, पदवी. मी निर्दोष.

मग मी उठले. म्हटलं, "सर, ती मला सांभाळून घेते आहे. सबमिशनच्या आधीच तिनं मला सगळं दाखवलं होतं. परिशिष्टात टाक, असं मी सांगितलं. वाक्य माझं आहे. चूकही माझी आहे, मूळ निबंधापासून."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, आजारी माणसाकडे बघतात तसं. मग आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी निर्णय आला: चौथं प्रकरण नव्यानं लिहून प्रबंध पुन्हा सादर करायचा.

मागच्या रांगेतल्या आईला इंग्रजी कळलं नव्हतं. ती खोका घेऊन माझ्याजवळ आली. "मॅडम, झाली का पास?"

विशाखाच म्हणाली, "आई, एक धडा पुन्हा लिवाचा आहे."

"मंग पेढे वाटू का नको?"

"वाट."

आईनं सगळ्यांना पेढे वाटले. परीक्षकांनाही दिला. त्यांनी तो उभं राहून, दोन्ही हातांनी घेतला.

खाप्याच्या बसपर्यंत मी त्या दोघींना सोडायला गेले. आई पुढे चालत होती. विशाखा माझ्या बाजूला. रस्ता ओलांडताना एकदम थांबली.

"तुम्ही काहून उठल्या?"

"म्हणजे?"

"मी सांभाळून घेतलं होतं ना. माझ्यावर आलं असतं थोडंसं, डिग्री तं भेटली असती. आता तुमचंही गेलं आन् माझंही गेलं."

"तू खोटं बोलली विशाखा. मी कशी बसून राहू?"

"तुम्ही एप्रिलमधी बसून राहिल्याच ना," ती म्हणाली. "मले कोणी शिकवलं मंग?"

बस लागलेली होती. आईला आधी चढवून ती चढली. खिडकीतून आईनं हात हलवला. तिनं हलवला नाही.

तीन आठवड्यांनी त्या कॉलेजातल्या मुलाखती झाल्या. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. माझा निरोप समारंभ मी रद्द करवून घेतला. नियतकालिकाला पत्र लिहून निबंधातली चूक कळवली, आणि दुरुस्ती छापून आली. निबंध जितक्यांनी वाचला तितक्यांनी ती वाचली नाही. अजूनही मधूनच कोणीतरी जुना आकडा वापरतं आणि मी त्यांना ईमेल लिहिते. उत्तर क्वचित येतं.

विशाखा महिनाभर आली नाही. मग एका सकाळी आली, वही उघडली, आणि काही घडलंच नाही अशा स्वरात म्हणाली, "घर अजून बारीक करून पाहू. तीन मितींत नाई जमनार, एकच काप घेऊन दोन मितींत करू." पुढचं वर्षभर निवृत्त बाई आणि नापास विद्यार्थिनी अशा आम्ही दोघी त्याच खोलीत काम करत होतो. जाळी पुरेशी बारीक झाली तेव्हा आजवर आम्हाला एकसंध दिसणारा तो पापुद्रा फाटला. त्याचे लहान लहान गोळे झाले, माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग एक, आणि ते एकमेकांत मिसळत बाहेर फेकले जाऊ लागले. पुनर्जोडणी पुन्हा वेगानं होऊ लागली आणि या वेळी जाळीच्या मदतीवाचून. जगात इतरांनी हे आपापल्या प्रश्नांत आधीच पाहिलं होतं. आमच्या प्रश्नात आम्ही पहिल्यांदा पाहिलं. उष्णतेचा आकडा जुन्याहून बराच लहान निघाला. घर पुन्हा अर्धं केलं, तो हलला नाही. तेव्हा विशाखा खुर्चीवर मागे टेकून मोठ्यानं हसली. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस आहे आणि तो नोकरी संपल्यावर आला.

तिला पदवी मिळाली. नोकरी मिळाली नाही. त्यानंतर तशी जागाच निघाली नाही. आज ती काटोलच्या एका कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये अर्ज करते. तिच्या जागी दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, नशीब. तिच्या बाबतीत तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. परिशिष्टाच्या त्या वाक्याऐवजी मी एप्रिलमध्येच खरं बोलले असते, तरीही वर्ष गेलं असतं आणि जागा गेलीच असती, हे मला कळतं. फक्त तिला भर सभेत खोटं बोलायची पाळी आली नसती, आणि तेही माझ्यासाठी.

हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचायला पाठवला. नाव बदलू का, असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"नाव राहू द्या. पन लेख बरोबर नाई."

"काय चुकलं? आकडे?"

"आकडे ठीक आहेत. पन जिथं तिथं तुम्ही सांगितलं, तुम्ही म्हटलं, असंच लिवलं तुम्ही. मी काय लहान होती का तेव्हा? तेहतीस वर्षांची होती. एका पोराची माय होती. मले समजून राहिलं होतं, हे चुकीचं आहे म्हनून. तरी मी ऐकलं. ते कुठं आहे लेखात?"

मी म्हटलं, विद्यार्थ्यानं गाईडचं ऐकलं तर चूक गाईडची असते. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, तुझी परिस्थिती, नोकरी, मुलगा. ती नाही म्हणाली. पंधरा-वीस मिनिटं आम्ही भांडलो आणि ती तसूभरही हलली नाही. शेवटी मी वैतागून म्हटलं, "विशाखा, त्या दिवशी अशी भांडली असती ना माझ्याशी, तर आज हे काही लिहायचीच वेळ आली नसती."

"तेच म्हनून राहिली मी, मॅडम," ती म्हणाली. "तेच लिवा."